टायरचा भुगा घातलेले हलके ब्लॉक : घ्यायच्या आधी एवढं वाचा

"म्हंजे टायरचं घर व्हय?" आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शेडवर आलेलं दर दुसरं गिऱ्हाईक हेच विचारतंय. तर टायरचं घर वगैरे काही नाही, ब्लॉक सिमेंटचाच आहे, फक्त खडीच्या जागी बॉयलरची सिंडर असते आणि थोडी वाळू काढून तिथं टायरचा भुगा नि फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या साच्यांची, वापरलेली वाळू घातलेली असते.

आता एक गोष्ट जी विकणारा सहसा सांगत नाही. ब्लॉक हलका होतोय तो रबरामुळं कमी आणि सिंडरमुळं जास्त. रबर वाळूच्या निम्म्याहून कमी वजनाचं, हे खरं, पण आम्ही ते वाळूच्या दहा टक्केच घालतो, तेवढ्यानं कितीसा फरक पडणार! सिंडर म्हणजे जळक्या कोळशाचा भोकाभोकाचा खडा, पूर्वी बाथरूमच्या संक (खाली घेतलेल्या) स्लॅबमध्ये भरायचे तोच. ४०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचा साधा सॉलिड ब्लॉक २६ किलोच्या आसपास भरतो, आमचा २०. दहा बाय दहा फुटाच्या सहा इंची भिंतीत ६००-७०० किलो वाचतात, वरचा मजला चढवणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो.

मग रबर कशाला? ट्रॉलीतून उतरवताना कोपरे कमी उडतात, आणि हातोडा घातला तरी फटकन दोन तुकडे होत नाहीत, आधी चीर जाते, मग सावकाश तुटतो. शेडवर या, हातोडा आम्ही देतो, स्वतः फोडून बघा.

भुगा जास्त का नाही घालत, असंही विचारतात. रबर मऊ, आणि सिमेंट त्याला नीट धरत नाही. १९९३ साली अमेरिकेत एल्डिन आणि सेनौसी यांनी सगळी खडी काढून टायरचे तुकडे घातले तर काँक्रीटची दाबाची ताकद ८५ टक्क्यांपर्यंत खाली आली. म्हणून आम्ही भुगा चाळून, लोहचुंबकानं तारा काढून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन मगच घेतो, म्हणजे पकड जरा सुधारते.

आमची पहिली बॅच वाया गेली ती मात्र आमच्याच चुकीनं. व्हायब्रेटर (साच्यातला माल हलवून बसवणारं मशीन) जास्त वेळ चालवला, भुगा हलका म्हणून वर तरंगला, सकाळी बघतोय तर प्रत्येक ब्लॉकचा माथा काळा, नखानं खरवडलं की भुगा हातात. तो सगळा माल शेडमागच्या चिखलात टाकला, आजपण त्यावरनंच ट्रॉली फिरते.

फाउंड्रीच्या वाळूत बेंटोनाइट माती नि कोळशाची भुकटी असते, ती पाणी जास्त पिते, म्हणून बेतानंच घालतो. रेझिन (केमिकलचा चिकट) लावलेली वाळू फुकट दिली तरी घेत नाही.

कुठं वापरायचे? आरसीसी फ्रेममधल्या भिंती, पार्टिशन, वरच्या मजल्याची भर. कॉलम, बीम, स्लॅब किंवा वजन पेलणारी भिंत, यात अजिबात नाही, इंजिनिअरनं हो म्हटलं तरी आम्ही माल देणार नाही. चुलीच्या धुराड्याला लागून पण नको, रबर आहे, तापलं की वास मारणार. आणि जोत्याच्या खाली नको, सिंडर पाणी ओढते, पंचगंगेचं पाणी २०१९ ला आणि २०२१ ला कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

गवंड्याला एवढं सांगा: ब्लॉक पाण्यात बुडवून ठेवू नका, नुसतं शिंपडा. कॉलमच्या जोडावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) मारल्याशिवाय प्लास्टर नको, आणि बाहेरून प्लास्टर पावसाळ्याआधी झालंच पाहिजे. आम्ही २८ दिवस झाल्याशिवाय माल सोडत नाही, घाईत असाल तर आधी बुकिंग करा. जड कपाट टांगायचं असेल तर लांब अँकर वापरा, ड्रिल मारताना रबराचा वास येईल, घाबरायचं काही नाही.