मेच्या सुट्टीत वसंत कुठे गाठायचा?

मराठवाड्यात वसंत कळायला पंचांग उघडावे लागत नाही. किनवटच्या जंगलात पळस पेटला आणि आंब्याला कैऱ्या धरू लागल्या की पाडवा आलाच. पण मुलांच्या परीक्षा आटोपेपर्यंत एप्रिल सरत येतो. मग परदेशातला वसंत बघायला निघालेल्या लातूर-नांदेडच्या कुटुंबाच्या हाती उरतो फक्त मे. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ट्यूलिप सापडतील ना?"

बहुधा नाही. नेदरलँड्समधली ट्यूलिपची शेते साधारण एप्रिलच्या मध्यावर ऐन रंगात असतात. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला तिथले शेतकरी यंत्राने फुलांची मुंडकी छाटतात, कारण त्यांना कंद विकायचे असतात आणि फूल झाडावर राहिले तर कंद पोसला जात नाही. कुकेनहॉफची प्रसिद्ध बागही मेच्या मध्याआधीच दार लावते. तरीही मेमध्ये ट्यूलिपची स्वप्ने दाखवणारी सहल कोणी विकत असेल, तर आधी तारखा विचाराव्यात.

तारीख हलत नसेल, तर जागा हलवावी. त्यासाठी एक जुना, ढोबळ पण कामाचा नियम आहे. अँड्र्यू हॉपकिन्स हा अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ. कीड कधी बाहेर पडेल आणि झाड कधी फुटेल, याचा माग काढता काढता त्याने १९१८ मध्ये हा नियम मांडला. वसंतात अक्षांशाच्या हिशेबाने एक अंश उत्तरेला सरकले की फुलोरा सुमारे चार दिवस मागे पडतो आणि ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर, वर चढले तरी चारच दिवस. थोडक्यात, आठशे मीटरचा डोंगर चढलात की जवळपास पावणेचार आठवडे मागे गेलात.

नियम जपानवर ताडून पाहू. टोकियो ३५.७ अंशांवर, सप्पोरो ४३ अंशांवर. हिशेबाने साकुरात, म्हणजे तिथल्या चेरीच्या फुलोऱ्यात, महिन्याभराचे अंतर पडायला हवे. जपानच्या हवामान खात्याच्या १९९१ ते २०२० च्या सरासरीत टोकियोत पहिली फुले २४ मार्चला उमलतात आणि सप्पोरोत १ मे रोजी. म्हणजे ३८ दिवस. हॉपकिन्सने नियम बेतला होता अमेरिकेसाठी, त्या मानाने ही चूक माफ करण्याजोगी आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात साकुरा बघायचाच असेल तर होक्काइदो बेट गाठावे. फक्त त्याच सुमारास जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात, तेव्हा गर्दी आणि भाडे दोन्ही चढलेले असणार.

आता गंमत बघा. कागोशिमा शहर टोकियोच्या दक्षिणेला आहे आणि जास्त उबदारही. तिथे साकुरा आधी फुलायला हवा, पण तिथली सरासरी आहे २६ मार्च, टोकियोनंतर दोन दिवसांनी! याचे कारण थंड प्रदेशातल्या कळीच्या स्वभावात आहे. ती उन्हाळा संपतानाच तयार होते आणि मग झोपी जाते. जानेवारीत चार दिवस ऊब आली म्हणून ती उमलली, तर पुढच्या हिमाने मरेल. म्हणून आधी पुरेशी थंडी सोसल्याशिवाय ती ऊब मोजायलाच घेत नाही. मृगाची एक सर आली म्हणून आपल्याकडचा जाणता शेतकरी सोयाबीन पेरत नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट बघतो, तोच हा सावधपणा. कागोशिमाच्या हिवाळ्यात थंडीचा हा कोटा भरायला वेळ लागतो. सफरचंदाच्या कित्येक जातींना सात अंशांखालचे हजारेक तास लागतात. त्या जाती आपल्याकडे का फळत नाहीत, ते वेगळे सांगायला नको.

थंडीचा कोटा भरला की उष्णतेची बेरीज सुरू होते. टोकियोसाठी एक सोपा ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचे कमाल तापमान मिळवत जायचे, बेरीज ६०० अंशांच्या आसपास पोचली की फुले उमलतात. (परभणीत हा ६०० चा आकडा फेब्रुवारीच्या विशीतच पुरा होईल.) बीचसारखी काही झाडे याशिवाय दिवस किती लांबला तेही बघतात.

या साऱ्यामुळे दरवर्षीची तारीख पुढेमागे होते आणि हवा तापू लागल्यापासून ती आधीच्या दिवसांकडे सरकते आहे. क्योतोतल्या फुलोऱ्याच्या नोंदी बाराशे वर्षे मागे जातात. त्यात २०२१ सालचा २६ मार्चचा बहर तोवरचा सर्वांत लवकरचा ठरला. एकोणिसाव्या शतकात तो एप्रिलच्या मध्याला येई. तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांतल्या तारखांवर विसंबू नये.

अडचण अशी की युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि आपण तारखा ठरवायला बसतो ते दिवाळीनंतर. तेव्हा तिथल्या कळीची थंडीही पुरती सोसून झालेली नसते. माझ्या मते यावर उपाय एकच, उतार असलेली जागा निवडायची. सपाट प्रदेशात बहर चुकला की चुकला. डोंगरात तो थोडा वर किंवा खाली सापडतो. स्वित्झर्लंडमधले मॉन्त्रो सुमारे ४०० मीटरवर, तळ्याकाठी आहे. तिथून दातेरी रुळांची गाडी डोंगर चढते. मेमध्ये वरच्या उतारांवर रानटी नार्सिससच्या फुलांनी कुरणे पांढरी होतात, आणि माथ्यावर बर्फही असू शकते. नॉर्वेतला हार्डांगर ६० अंशांवर असल्याने तिथल्या सफरचंदाच्या बागा मेमध्येच फुलतात. इंग्लंडच्या जंगलांतली निळी ब्लूबेल मात्र एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच, त्यामुळे तिकडे पहिला पंधरवडा बरा.

परभणीच्या बेचाळीस अंशांतून निघताना स्वेटर नकोसा वाटतो, पण घ्यावा. जर्मन भाषक प्रदेशात ११ ते १५ मे हे दिवस 'बर्फाळ संतांचे' मानतात. तोवर अवचित हिम पडण्याची धास्ती असते, म्हणून जुने माळी टोमॅटोची रोपे त्याआधी बाहेर लावत नाहीत. दुसरी काळजी शिंकांची. एप्रिलमध्ये बर्चच्या झाडांचे आणि मेपासून गवताचे परागकण हवेत भरतात. गाजरगवताने ज्यांचे नाक गळते, त्यांना हे परागही छळू शकतात. तिथल्या हवामानाच्या संकेतस्थळांवर परागांचा अंदाज रोज मिळतो, आणि नेहमीचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्यावे.