७३ बॉल झाले आणि मॅनेजर मैदानात आला

२७ ऑक्टोबर २०२०, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकेतल्या लीगच्या सात मॅचच्या फायनलची, सहावी मॅच. लॉस एंजलिस डॉजर्स ३-२ ने पुढे, म्हणजे टँपा बे रेज ही मॅच हरले की खेळ खल्लास. सहावी इनिंग चालू आहे, रेज १, डॉजर्स ०. पिचिंगला, म्हणजे आपल्या भाषेत बॉलिंगला, रेजचा डावखुरा ब्लेक स्नेल आणि त्या दिवशी तो असा काही टाकत होता की बघत राहावं, १८ बॅटर आले त्यातले ९ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन आऊट), हिट (बॉल मारून बेस गाठणं) फक्त २, वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकटात फर्स्ट बेस) एकही नाही. त्यातली दुसरी हिट म्हणजे ऑस्टिन बार्न्सची साधी सिंगल, म्हणजे एका बेसची. एक आऊट, एक माणूस फर्स्ट बेसवर, स्नेलचे फक्त ७३ बॉल झालेले, आणि रेजचा मॅनेजर केविन कॅश डगआऊटमधून निघाला आणि त्याने स्नेलच्या हातातून बॉल काढून घेतला.

क्रिकेटवाल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. बुमराहला दोन ओव्हर बाजूला ठेवलं आणि डेथला परत आणलं असं बेसबॉलमध्ये होत नाही. काढला की तो गेला, त्या मॅचमध्ये परत येणे नाही.

स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. मुकी बेट्सने लगेच डबल (दोन बेसची हिट) मारली, मग एक वाइल्ड पिच (कॅचरला न आवरलेला बॉल) सुटला आणि बार्न्स पळत घरी, म्हणजे एक रन, स्कोअर १-१. मग कोरी सीगरने जमिनीलगत मारलेल्या बॉलवर बेट्स पण घरी. सहा बॉलमध्ये मॅच फिरली. शेवटी डॉजर्स ३-१ ने जिंकले, सिरीज त्यांची, आणि कॅश फॅन लोकांसाठी कायमचा व्हिलन. कॉम्प्युटरने मॅच घालवली, एक्सेलशीटवाल्यांना खेळ कळत नाही, समोर माणूस पेटलाय ते डोळ्याला दिसत नाही का, वगैरे वगैरे. मी पण तेव्हा ह्याच पार्टीत होतो, खोटं कशाला बोलू. बेट्स, सीगर आणि जस्टिन टर्नर हे पहिले तीन बॅटर त्या दिवशी स्नेलसमोर सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआऊट झाले होते, मग आता त्यांचीच पाळी आली असताना ह्याला काढायचं?

तर कॅशच्या डोक्यात काय होतं ते बघू. बेसबॉलमध्ये नऊ बॅटरची रांग ठरलेली असते, ती संपली की परत पहिल्यापासून. स्नेलचे १८ बॅटर म्हणजे दोन फेऱ्या झाल्या होत्या, आता तिसरी सुरू होणार होती. एकच पिचर जेव्हा त्याच बॅटरसमोर तिसऱ्यांदा येतो तेव्हा बॅटर जास्त चांगलं मारतात, ही गोष्ट हजारो मॅचच्या रेकॉर्डमधून दिसलेली आहे. कारणं दोन सांगतात. एक म्हणजे पिचर दमतो. दुसरं म्हणजे बॅटरला सवय होते, हा हात कुठून सोडतो, ह्याचा स्लायडर किती वळतो, हे दोनदा बघून झालेलं असतं. ह्या विषयात बरंच काम केलेल्या मिचेल लिक्टमनच्या हिशोबात दमण्यापेक्षा सवयीचा भाग मोठा निघाला, आणि ज्या पिचरकडे एकाच टाइपचा बॉल जास्त असतो त्याला हा फटका जास्त बसतो. पटण्यासारखं आहे, आपल्याकडे पण नवीन मिस्ट्री स्पिनर पहिल्या सीझनला सगळ्यांना नाचवतो आणि पुढच्या सीझनला लोक त्याला स्वीप मारायला लागतात.

पण आज पेटलाय त्याचं काय? इथे फॅन आणि आकडेवाले यांच्यातलं खरं भांडण आहे. लिक्टमनने हेही तपासलं होतं, की पहिल्या काही इनिंग जबरदस्त टाकणाऱ्या पिचरला तिसऱ्या फेरीत हा फटका बसत नाही का? तर बसतो. पहिल्या दोन फेऱ्या कशा गेल्या त्यावरून तिसरी कशी जाईल हे फारसं कळत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, कारण डोळ्याला तर दिसत असतं की आज ह्याचा दिवस आहे. पण १८ बॅटर म्हणजे किती लहान आकडा आहे ते बघा. स्नेल त्या सीझनला साधारण दर १० बॅटरमागे ३ स्ट्राइकआऊट घेत होता, म्हणजे १८ बॅटरमागे पाच-सहा आले असते तरी तो त्याचा नेहमीचाच दिवस. त्या रात्री आले ९. चांगलं आहे, पण एवढा चढउतार नुसत्या नशिबाने अधूनमधून होतच असतो.

नशीब हा शब्द फॅन लोकांना आवडत नाही, त्यामुळे एक हिशोब करूनच दाखवतो. समजा एका बॅटरची खरी लायकी .२७५ आहे, म्हणजे १०० चान्समध्ये साडेसत्तावीस हिट. सीझनमध्ये त्याला ५०० चान्स मिळाले तर हिट व्हायला पाहिजेत १३७-१३८. पण हे नाणं उडवण्यासारखं आहे, १०० वेळा उडवलं की बरोब्बर ५० वेळा छापा पडतो असं कुठे असतं. इथे साधारण १० हिट इकडेतिकडे होणं अगदी नॉर्मल आहे. म्हणजे तोच माणूस, तीच बॅट, तीच मेहनत, आणि एका वर्षी .२९५ तर दुसऱ्या वर्षी .२५५. पहिल्या वर्षी फॅन म्हणणार स्टार आहे, मोठं कॉन्ट्रॅक्ट द्या. दुसऱ्या वर्षी तेच म्हणणार, संपला, विकून टाका. आणि दोन आठवड्यांचेच आकडे घेतले, समजा ५० चान्स, तर तो .२१० पासून .३४० पर्यंत कुठेही दिसू शकतो. एप्रिल महिन्यात, सीझन नुकताच सुरू झालेला असताना, जे लोक ह्याला बसवा त्याला खेळवा म्हणून ओरडत असतात त्यांनी हे एकदा कागदावर करून बघावं.

शिवाय हिटची सरासरी हे मापच अर्धवट आहे. त्यात वॉक मोजतच नाहीत आणि सिंगल आणि होम रन (आपल्या सिक्ससारखा) एकाच भावात. रनच्या हिशोबात बघितलं तर एका वॉकची किंमत साधारण ०.३ रन, सिंगलची ०.४५ च्या आसपास, होम रनची १.४. असे वजन लावून बॅटरची एकच संख्या काढतात, तिला वोबा म्हणतात, आणि त्यात पळणं, फील्डिंग, पोझिशन वगैरे मिळवून वॉर नावाचं माप बनवतात, म्हणजे सहज मिळणाऱ्या साध्या बदली खेळाडूपेक्षा ह्याने टीमला किती मॅच जास्त जिंकून दिल्या. ह्यावरून २०१२ ला मोठी वादावादी झाली होती. मिगेल कॅब्रेराने सरासरी .३३०, ४४ होम रन आणि १३९ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन) करून ट्रिपल क्राऊन मिळवला, म्हणजे तिन्हीत लीगमध्ये पहिला, १९६७ नंतर पहिल्यांदाच कोणीतरी. वॉरमध्ये मात्र नवखा माइक ट्राऊट त्याच्या खूप पुढे होता. एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वात मोलाचा खेळाडू, ह्याच्या मतदानात पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मतं कॅब्रेराला गेली. माझं मत तेव्हाही ट्राऊट होतं आणि आजही ट्राऊटच आहे, पण तो वेगळा विषय, त्यावर परत कधीतरी.

आता परत कॅशकडे. इतका वेळ वाचून वाटेल की आकडेवाले बरोबर आणि फॅन येडे. तसं पण नाही, थांबा. तिसऱ्या फेरीचा फटका किती मोठा असतो? दुसऱ्या फेरीपेक्षा तिसऱ्या फेरीत बॅटरचा वोबा साधारण १० पॉइंटने (पॉइंट म्हणजे हजारावा भाग) वाढतो, आणि हे माप सरासरी ३२० पॉइंटच्या आसपास असतं. रनमध्ये करायचं तर दर बॅटरमागे ०.००८ रन. समजा स्नेल आणखी सहा बॅटरसमोर आला असता, तर सगळं मिळून ०.०५ रन. एका रनचा विसावा भाग! ताज्या दमाचा चांगला रिलीव्हर, म्हणजे मध्येच येणारा बदली पिचर, आणला तर फायदा आणखी वाढतो, दुप्पट धरा, तिप्पट धरा, तरी पाव रनसुद्धा होत नाही. म्हणजे ज्या निर्णयावरून एवढा गहजब झाला तो ह्या बाजूने काय किंवा त्या बाजूने काय, सरासरीच्या हिशोबात फार काही फरक पाडणारा नव्हताच.

दुसरी गोष्ट अशी की तिसरी फेरी म्हणजे काही कडा नाही की पाय टाकला आणि खाली गेलात. रायन ब्रिल, समीर देशपांडे आणि एब्राहम वायनर ह्या तीन संख्याशास्त्रज्ञांनी हा डेटा नव्याने तपासला, त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये अचानक उडी आहे असा ठोस पुरावा मिळाला नाही, पिचर हळूहळू, बॅटरगणिक थोडाथोडा खाली जात असतो असं त्यांचं म्हणणं. म्हणजे १८व्या बॅटरपर्यंत राजा आणि १९व्याला भिकारी असं काही नसतं. फेरीचा आकडा मोजायला सोपा, म्हणून तो नियमासारखा वापरला जातो.

मला विचाराल तर कॅशची चूक असलीच तर ती स्नेलला काढण्यात नाही, अँडरसनला आणण्यात आहे. सीझनमध्ये अँडरसन भन्नाट होता, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) ०.५५, पण प्लेऑफमध्ये ह्या मॅचच्या आधी सलग सहा वेळा त्याने रन दिलेले होते, आणि आधीच्या महिनाभरात त्याला खूप वापरून झालं होतं. आता कोणी म्हणेल, अरे तूच आत्ता सांगितलंस ना की लहान आकड्यांवर जायचं नाही, मग सहा मॅच काय मोठा आकडा आहे का? बरोबर आहे, नुसते दिलेले रन बघून मी पण काही बोललो नसतो. पण पिचरचा स्पीड, स्पिन, बॉल किती हलतोय, हे तर प्रत्येक बॉलमागे मोजलं जातं (२०२० पासून ते काम हॉक-आय करतं, तेच आपलं एलबीडब्ल्यूवालं) आणि हे आकडे नशिबावर फार कमी चालतात, त्यामुळे दमलेला हात ओळखायला शंभर मॅच लागत नाहीत. पुढच्या मार्चमध्ये अँडरसनच्या कोपराच्या लिगामेंटला थोडी फाट असल्याचं कळलं आणि त्याचा जवळपास अख्खा सीझन गेला. अर्थात हे कॅशला ऑक्टोबरमध्ये माहीत नव्हतं, ते त्याच्या विरोधात वापरणं म्हणजे फाऊल.

आणि हा फाऊल आपण सगळेच करतो. १९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी ह्या दोन संशोधकांनी लोकांना डॉक्टरांच्या निर्णयाच्या गोष्टी वाचायला दिल्या, ऑपरेशन करायचं की नाही असल्या. निर्णय तोच, हातात असलेली माहिती तीच, फक्त एका गोष्टीत पेशंट वाचतो आणि दुसऱ्यात जातो. पेशंट गेला त्या गोष्टीतल्या डॉक्टरला लोकांनी कमी मार्क दिले, आणि गंमत म्हणजे निकालाला धरून मार्क द्यायचे नसतात हे त्यातल्या बऱ्याच जणांना मान्य होतं. ह्याला आउटकम बायस म्हणतात. बेट्सचा तो बॉल फील्डरच्या हातात गेला असता तर कॅश धाडसी आणि हुशार मॅनेजर म्हणून पेपरात आला असता. मॅचनंतर कॅशचं म्हणणं साधारण असंच होतं, झालं त्याचं वाईट वाटतं, पण विचार चुकीचा नव्हता. लोकांना ते उर्मट वाटलं, मला तेव्हा वाटलं होतं, आता नाही वाटत.

रेजने दोन महिन्यांत स्नेलला सॅन डिएगोला देऊन टाकलं आणि २०२१ ला १०० मॅच जिंकल्या, कॅश लागोपाठ दुसऱ्यांदा मॅनेजर ऑफ द इयर झाला. स्नेलला २०२३ ला दुसरा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळाला, मग तो फिरत फिरत चक्क डॉजर्सकडे आला. ऑक्टोबर २०२५, मिलवॉकीमध्ये प्लेऑफची मॅच, स्नेलने ८ इनिंग टाकल्या, एकच हिट दिली, १० स्ट्राइकआऊट. १०३ बॉल झाले होते. नवव्या इनिंगला डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने (२०२० ला समोरच्या डगआऊटमध्ये हाच होता) त्याला काढून दुसरा पिचर आणला. त्याने वॉक दिले, रन दिला, मग तिसरा पिचर आणायला लागला, त्याने पण एक वॉक दिला, सगळे बेस भरले, स्कोअर २-१, आणि शेवटी कसाबसा एक स्ट्राइकआऊट मिळून मॅच सुटली. डॉजर्स जिंकले. स्नेलला का काढलं म्हणून रॉबर्ट्सवर ओरडणारा मला तरी त्या रात्री कोणी भेटला नाही.