ठाणे खाडीतील प्राण्यांचे श्वसन व रक्ताभिसरण

ऑक्सिजन शरीरात घेणे आणि तो पेशींपर्यंत नेणे, ही दोन कामे प्राणी नाना तऱ्हांनी करतात. त्यांतल्या बहुतेक तऱ्हा ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या काठावरून दिसणाऱ्या चिखलात सापडतात.

बाजारात कोळीण माशाचा कल्ला उचलून दाखवते. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या लोहयुक्त द्रव्याचा. कल्ल्यात पाणी आणि रक्त एकमेकांच्या उलट दिशेने वाहतात, म्हणून पाण्यातला तुटपुंजा ऑक्सिजनही रक्तात उतरतो. माशाच्या हृदयात दोनच कप्पे: रक्त आत घेणारे एक अलिंद आणि ते बाहेर ढकलणारे एक निलय. रक्त कल्ल्यांतून परस्पर शरीरभर जाते. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पातळ पात्या एकमेकींना चिकटतात, आणि भोवती एवढी हवा असूनही मासा गुदमरतो. निवटी या चिखलातल्या माशाची गोष्ट निराळी. ती ओली कातडी आणि तोंडाच्या आतले अस्तर यांतूनही श्वास घेते, त्यामुळे चिखलावर उड्या मारते. कातडी सुकू लागली की चिखलात लोळते.

शेजारच्या पाटीतली चिंबोरी, म्हणजे खेकडा, मोडली तर लाल थेंब दिसत नाही. तिच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असते. ऑक्सिजन मिळाला की ते निळसर होते. पाठीच्या कवचाखालच्या हृदयातून निघालेले रक्त अवयवांभोवतीच्या पोकळ्यांत मोकळे पसरते. कल्ले ओले असेपर्यंत ती जगते. पाटीवर ओले गोणपाट टाकतात ते याचसाठी.

कीटकांमध्ये श्वासनलिका हवा थेट पेशींपर्यंत नेतात, तिथे रक्ताकडे हे काम जवळपास नाहीच. बेडूक फुप्फुसांबरोबर कातडीनेही श्वसन करतो. त्याचे हृदय तीन कप्प्यांचे.

खाडीचा काही भाग 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. रोहितचे फुप्फुस भात्यासारखे फुगत नाही. भात्याचे काम वायुकोश, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या करतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. आत घेतलेली हवा बाहेर पडायला दोन श्वास लागतात. कांदळवनातल्या कोल्ह्याची, आणि आपलीही, हवा आली त्याच वाटेने परतते, त्यामुळे ताज्या हवेत थोडी शिळी मिसळतेच.

दोन, तीन, चार कप्पे अशी चढती पायरी पाठ्यपुस्तकांत लावतात. ती सोयीची असली तरी फसवी आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी चार कप्प्यांच्या हृदयापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले: हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, रोहितची उजवीकडे वळते, कोल्ह्याची डावीकडे.