सिलिंडर डीॲक्टिव्हेशन

गाडीला ताकद कमी लागत असताना इंजिनातले काही सिलिंडर तेवढ्यापुरते बंद ठेवून बाकीच्यांवर गाडी चालवायची पद्धत. मोठ्या पेट्रोल इंजिनांत, त्यातही अमेरिकन पिकअपच्या व्ही-८ (व्ही आकारात मांडलेले आठ सिलिंडर) मध्ये जास्त दिसते.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची हिट-अँड-मिस इंजिनं पहिली धरतात, त्यात स्पीड वाढला की गव्हर्नर (स्पीड आवरणारा भाग) एक्झॉस्ट व्हॉल्व, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडाच धरायचा आणि तो फेरा स्फोटाशिवाय जायचा. पण तिथे बहुतेक वेळा सिलिंडर एकच आणि हेतू स्पीड आवरायचा, त्यामुळे फार तर पूर्वज म्हणू. १९०५ च्या आसपासची स्टर्टेव्हंट मोटार आणि १९१६-१७ ची, बारा सिलिंडरवरून सहावर येणारी एंगर यांचेही उल्लेख येतात, पण तिथे बदल ड्रायव्हरने हाताने करायचा. निर्णय इंजिनाने स्वतः घ्यायचा ही अट घातली तर १९८१ ची, गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारी कॅडिलॅक व्ही ८-६-४ पहिली धरणं जास्त पटतं. तिच्यात सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) रॉकरचा, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या दांडीचा, टेकू मोकळा करायचा, मग रॉकर नुसता झुलायचा आणि व्हॉल्व बंदच. कल्पना उत्तम, पण त्या काळचा कॉम्प्युटर कमी पडला, कितीतरी मालकांनी यंत्रणाच तोडून गाडी कायम आठवर ठेवली. मित्सुबिशीने १९८२ मध्ये चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनात हेच केलं.

आता पिकअपचं. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-७-२-६-५-४-३, आणि त्यातले एक सोडून एक म्हणजे १, ७, ६, ४ बंद होतात, म्हणून उरलेल्या चारांचे ठोके सारख्या अंतराने पडतात. व्हॉल्व उघडायची हालचाल कॅमकडून (उंचवटे असलेला फिरता दांडा) लिफ्टरला आणि तिथून पुशरॉड नावाच्या सळईला मिळते. बंद व्हायच्या सिलिंडरांचे लिफ्टर दोन भागांचे असतात, बाहेरचा कॅमवर फिरतो, आतला पुशरॉड उचलतो, आणि दोघांना छोट्या पिना जोडून ठेवतात. सोलेनॉइडने ऑइलचं प्रेशर लिफ्टरकडे सोडलं की पिना आत दबतात, बाहेरचा भाग एकटाच वरखाली होतो, पुशरॉड जागेवर राहतो, दोन्ही व्हॉल्व बंद. इंधन फवारणारा इंजेक्टरही बंद. आत कोंडलेला वायू दाबला जातो आणि परत पिस्टनला ढकलतो, सायकलच्या पंपाचं तोंड दाबून दांडा मारला की कसा परत येतो, तसंच. म्हणूनच हे मिसिंगपेक्षा (बिघाडामुळे सिलिंडर न पेटण्यापेक्षा) वेगळं, मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरचे व्हॉल्व चालूच असतात आणि तो फुकट हवा ओढत राहतो.

मायलेज वाढतं ते सिलिंडर कमी झाले म्हणून नाही. रिकाम्या पिकअपचं थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा आवरणारी झडप) जवळपास मिटलेलं असतं, आठही पिस्टन त्या फटीतून हवा ओढण्यात ताकद घालवतात. चारच उरले की प्रत्येकाला दुप्पट काम, थ्रॉटल जास्त उघडतं, ओढाताण कमी होते. बचत सहसा एकेरी टक्क्यांत. २०१९ च्या सिल्व्हराडोपासून काही इंजिनांत आठांपैकी कुठलाही सिलिंडर गरजेप्रमाणे बंद होऊ शकतो, अशा एकूण १७ तऱ्हा आहेत.

सगळा खेळ ऑइलवर आहे. ऑइल घाण झालं किंवा चुकीच्या ग्रेडचं भरलं की पिना अडकतात, लिफ्टर टिकटिक करायला लागतो आणि तसाच दामटला तर कॅमही खाऊन टाकतो, मग खर्च विचारू नका.

कोकणात पिकअप म्हणजे आंब्याच्या पेट्या नाहीतर मासळीचे क्रेट भरलेली चार सिलिंडरची डिझेल गाडी, तिच्यात हे नसतं. डिझेलमध्ये ताकद आवरतात ती इंधन कमीजास्त करून, हवा अडवून नाही, त्यामुळे वाचवायला फारसं काही उरत नाही, परदेशात मोठ्या डिझेलवर याचा विचार होतो तो मुख्यतः धूर साफ करणारी यंत्रणा गरम ठेवायला. इथल्या रस्त्यांवर हे तंत्र भेटतं ते फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ लिटर टीएसआय पेट्रोल गाड्यांत, त्यात मधले २ आणि ३ नंबर बंद होतात. एनएच ६६ च्या सपाट पट्ट्यात ते चालू राहतं, परशुराम घाटाचा चढ लागला की चारही परत कामाला.