कन्कशन (क्रीडावैद्यक)

कन्कशन : डोक्याला, मानेला किंवा अंगाला बसलेल्या धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हिंदकळून त्याच्या कामकाजात होणारा तात्पुरता बिघाड. बहुतेक खेळाडूंची शुद्ध हरपत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, उजेड सहन न होणे, विचार मंदावणे ही त्याची लक्षणे. सीटी स्कॅनमध्ये सहसा काहीच दिसत नाही, कारण बिघाड पेशींच्या कामात असतो.

धक्क्याने चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशीतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा तोल सावरायला पेशीला जादा ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. ही तूट भरून निघण्याआधी दुसरा फटका बसला तर बरे व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात. क्वचित, विशेषतः कुमारवयीन खेळाडूंत, मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यूही ओढवला आहे. ‘काही नाही झालं, खेळ’ म्हणत पोराला पुन्हा मैदानात धाडणे म्हणूनच अक्षम्य आहे.

मैदानावर डॉक्टर साधेच प्रश्न विचारतात : आत्ता कोणत्या मैदानावर आहोत? मागचा सामना कुणाशी झाला? महिन्यांची नावे डिसेंबरपासून उलटी म्हणायला लावतात, एका रेषेत चालायला सांगतात. पण लक्षणे कधीकधी उशिरा उमटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्‌सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला उतरला आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखी घेऊन उठला. त्याच्या जागी आलेला मार्नस लबुशेन हा कसोटीतील पहिला कन्कशन बदली खेळाडू. कन्कशन झालेल्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरवण्याचा हा नियम आयसीसीने त्याच वर्षी लागू केला होता.

उपचारांतला मोठा बदल विश्रांतीबाबतचा आहे. पूर्वी लक्षणे जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता सापेक्ष विश्रांती, म्हणजे रोजची हलकी कामे करत घेतलेली विश्रांती, २४ ते ४८ तासच. मग चालणे, स्थिर सायकल. अमेरिकेतील बफेलो येथे जॉन लेडी यांनी किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या चाचणीत हलका एरोबिक व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत, तर फक्त स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत बरे झाले. त्यानंतर धावणे, एकट्याचा सराव, संघासोबत टक्कर नसलेला सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना, अशा पायऱ्या येतात. लक्षणे लक्षणीय वाढली तर त्या दिवशी थांबायचे.

बदली खेळाडूच्या नियमावर वादही झाले. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात मुख्यतः फलंदाज असलेल्या शिवम दुबेच्या जागी वेगवान गोलंदाज हर्षित राणा उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि हा ‘सारख्याला सारखा’, म्हणजे नियमाला हवा तसा त्याच प्रकारचा, बदली कसा, यावर इंग्लंडने आक्षेप घेतला. त्याच वर्षी आयसीसीने बदली खेळाडूंची नावे सामन्याआधीच देणे बंधनकारक केले आणि कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस बाहेर ठेवण्याची सक्ती केली.

गावच्या कबड्डीत किंवा शाळेच्या मैदानावर डॉक्टर नसतो. तिथे शंका येताच खेळाडूला बाहेर काढून त्या दिवशी परत उतरवू नये, त्याला एकटे सोडू नये. वारंवार उलटी, झटका (आकडी), वाढती डोकेदुखी, मानेत वेदना किंवा हातापायांत अशक्तपणा दिसल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.