मोजणीदार नेमका कुणाचा? सचोटीच्या नियमांमागचा इतिहास

कुरुधम्म जातकात राजाचा एक अमात्य दोरीने शेत मोजतो. दोरीचं एक टोक शेतमालकाच्या हातात, दुसरं काठीला बांधून याच्या हातात. काठी रोवायची वेळ येते आणि नेमकं तिथेच खेकड्याचं बीळ निघतं. बिळात रोवावी तर खेकडा मरेल, एका अंगाला सरकवावी तर राजाचं नुकसान, दुसऱ्या अंगाला सरकवावी तर शेतकऱ्याचं. खेकडा आत असता तर दिसलाच असता, अशी मनाची समजूत घालून तो काठी बिळात रोवतो आणि आतून कट् असा आवाज येतो. कथेचा रोख जीवहत्येच्या टोचणीवर आहे. पण मोजणीच्या कामातल्या माणसाला दिसते ती दुसरीच अडचण. पगार राजाचा आणि काठी मात्र दोघांमध्ये.

हद्दीच्या दगडाला हात लावणाऱ्याला शाप देण्याची रीत फार जुनी. बॅबिलोनियात जमिनीच्या दानाची नोंद कोरलेल्या शिलांवर असे शाप आहेत, बायबलच्या जुन्या करारातही आहेत. ते सगळे बांध सरकवणाऱ्याला उद्देशून. मोजणाराच चुकला किंवा फितला तर काय, याचं कायदेशीर उत्तर रोमन लोकांनी शोधलं, आणि ते आज वाचताना चक्रावून जायला होतं.

शेताचं क्षेत्रफळ खोटं सांगणाऱ्या मोजणीदारावर दावा लावण्याची सोय रोममध्ये प्रीटर या न्यायाधिकाऱ्याने केली होती. सहाव्या शतकात जस्टिनियनने संकलित करवलेल्या ‘डायजेस्ट’मध्ये यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातलं अल्पियन या कायदेपंडिताचं म्हणणं असं: दावा चालेल तो फक्त लबाडीबद्दल. मोजणीदार अडाणी निघाला तर दोष त्याला कामावर लावणाऱ्याचा. साधा निष्काळजीपणा झाला तरी तो सुटला. हलगर्जीपणा अगदीच हद्दीबाहेरचा असेल, तर मात्र तो लबाडीच्या बरोबरीचा धरायचा. कारण असं की मोजणी हे मजुरीचं काम मानलेलंच नव्हतं. ती एक मेहेरबानी आणि मिळणारे पैसे म्हणजे मानधन. मान मोठा, म्हणून जबाबदारी लहान. आजच्या आचारसंहितांनी हे गणित पार उलटं केलं आहे.

ते उलटायला शतकं गेली. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडचे जमीनदार आपल्या मालमत्ता मोजून घेऊ लागले आणि कुळांच्या पोटात गोळा आला, कारण मोजणीपाठोपाठ खंड वाढायचा. जॉन नॉर्डन हा स्वतः मोजणीदार. त्याने 1607 साली छापलेल्या संवादरूपी पुस्तकात शेतकरी मोजणीदाराला तोंडावर सुनावतो की तुमच्यापायी लोकांच्या जमिनी जातात. हा आरोप त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच घेतला, यावरून तो गावोगाव किती ऐकू येत असेल याचा अंदाज येतो.

1620 च्या सुमारास एडमंड गंटरची 66 फुटी, 100 कड्यांची साखळी आली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, त्यामुळे हिशेब कुणालाही पडताळता येऊ लागला. पण कड्या वापरून झिजतात, साखळी लांबते आणि लांबलेल्या साखळीने जमीन कमी भरते. साखळी प्रमाणाशी ताडून न पाहता कामाला जाणारा कुणालाही न फसवता फसवत असतो. अल्पियनने सोडून दिलेला निष्काळजीपणा तो हाच.

अमेरिकेत सरकारी जमिनीची मोजणी कंत्राटावर आणि मैलाच्या दराने होई. शपथा घेतल्या जात, साखळी धरणारेही शपथ घेत. तरी मैलाला पैसे म्हटल्यावर व्हायचं ते झालंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष जाऊन न मोजलेल्या रेषांच्या नोंदवह्या बसल्या जागी तयार झाल्या. बेन्सन सिंडिकेट या मोजणी कंत्राटदारांच्या टोळीचं प्रकरण त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध. ही कंत्राटपद्धत 1910 मध्ये बंद झाली. माझ्या मते या व्यवसायाला मिळालेला हा सर्वांत उपयोगी धडा आहे. मोबदल्याची रीतच चुकीची असेल तर शपथ पुरत नाही. मोजणीच्या निकालावर फी ठरवू नये, हा नियम अनेक संहितांत आहे तो त्यामुळेच पटतो.

त्याच काळात मिशिगनचे न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी मोजणीदारांपुढे एक निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा की जुनी खूण कुठे असायला हवी होती हे ठरवणं मोजणीदाराचं काम नाही, ती प्रत्यक्षात कुठे होती हे शोधणं त्याचं काम. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही शेजाऱ्यांनी मानलेली हद्द नव्या, जास्त अचूक मोजणीच्या जोरावर उखडली तर भांडणाशिवाय काही पिकत नाही. मोजणीदार न्यायाधीश नव्हे, पण त्याच्या कामाला न्यायाचा अंश चिकटलेला आहे. इथे पहिल्यांदा शेजारी, म्हणजे ज्याने फी दिलेली नाही तो, ठळकपणे चित्रात आला.

संस्था या सुमारास उभ्या राहत होत्याच. लंडनची सर्व्हेअरांची संस्था 1868 ची, आंतरराष्ट्रीय महासंघ 1878 चा, स्थापना पॅरिसची. या महासंघाने 1998 मध्ये नमुना आचारसंहिता प्रसिद्ध केली. सचोटी, स्वतंत्र बाणा, काळजी व कौशल्य आणि कर्तव्य ही तिची तत्त्वं. वाचायला गुळगुळीत, पण ‘काळजी व कौशल्य’ आल्यामुळे अडाणीपणाची रोमन सवलत संपली.

एक गाठ मात्र अजून घट्ट आहे. मोजणी करताना लक्षात येतं की आपल्याच पक्षकाराचं कुंपण शेजारच्या जमिनीत गेलंय. पक्षकार म्हणतो, नकाशा मला द्या आणि विषय संपवा. गुप्तता पाळावी, की शेजाऱ्याला कळवावं? काही ठिकाणी अशी तफावत सरकारी दप्तरात नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जिथे तसं नाही, तिथे नकाशावर कुंपणाची रेषा जिथे आहे तिथेच दाखवायची आणि ती वगळा म्हटलं तर सही करायची नाही, एवढं मोजणीदाराच्या हातात उरतं.