आगमनकाळातील वाद्यविरहित समूहगान

नाताळाआधीच्या चार रविवारांना धरून येणाऱ्या आगमनकाळात वाद्यांच्या साथीशिवाय, बहुधा चार किंवा अधिक स्वरांच्या मेळाने गायले जाणारे ख्रिस्ती उपासनासंगीत. काळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. विदर्भातल्या खेड्यांत हे कापूस वेचणीचे दिवस असल्याने क्वायरची, म्हणजे गायकवृंदाची, तालीम जमायची तर ती रात्रीची जेवणे आटोपल्यावरच.

हा काळ वाट पाहण्याचा. कॅथलिक उपासनेत या रविवारांना ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. ऑर्गन व इतर वाद्ये बेतानेच वाजवावीत, जन्मोत्सवाचा आनंद आधीच उधळू नये, असा संकेत आहे. वाद्यांना पुरती बंदी मात्र नाही. नागपुरात १८४५ मध्ये काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे होते, तिथे स्तोत्रे वाद्याविनाच गात. पण ती परंपरा आगमनकाळ पाळणारी नव्हती. म्हणजे आगमनकाळ आणि वाद्यविरहित गायन यांची सांगड आपोआप बसलेली नाही.

आजच्या संगीतकारांना सर्वाधिक खुणावतात ती १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत मरीयेच्या गीताला जोडून येणारी सात प्राचीन प्रतिगीते, म्हणजे गीताच्या आधी व नंतर गायच्या छोट्या ओळी. ज्ञान, आदोनाय (प्रभू), इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदय, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल अशा सात नावांनी ख्रिस्ताला हाक मारून प्रत्येक प्रतिगीत ‘ये’ अशी विनवणी करते. एस्टोनियाचे आर्व्हो पेर्त यांनी १९८८ मध्ये बर्लिनच्या रियास चेंबर क्वायरसाठी ही सातही जर्मन भाषेत बांधली. स्कॉटलंडचे जेम्स मॅकमिलन यांनी २१ डिसेंबरच्या, म्हणजे ‘उदया’च्या प्रतिगीतावर २००७ मध्ये ‘ओ रेडियंट डॉन’ रचले. यात चारही स्वर बहुतेक एकत्रच शब्द उच्चारतात आणि ‘ये’ पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे साध्या क्वायरलाही ते झेपते.

पेर्त यांची पद्धत मराठी कानाला वाटते तितकी परकी नाही. एक स्वर पायरीपायरीने चढतो-उतरतो; दुसरा मूळ स्वरत्रयीच्या, म्हणजे सा-ग-पच्या, सुरांवरच फिरत राहतो. तंबोऱ्याच्या षड्जावर वाढलेल्याला हे पटकन उमगावे. शिवाय त्यांच्या अनेक रचनांत शब्दातली अक्षरे मोजून चालीची लांबी ठरते. अभंगही अक्षरे मोजूनच चालतो. मराठी पाठाला ही रीत इंग्रजी वृत्तांच्या चालींपेक्षा जास्त मानवेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अडचण आहे ती मेळाची. खेड्यातल्या लहान चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीते पेटी-ढोलकीवर, सगळ्यांनी एकाच चालीत गाण्याचीच सवय असते, शेजारच्या भजनी मंडळातही खंजिरी नि टाळ असतातच. अल्टो (स्त्रियांचा खालचा) आणि टेनर (पुरुषांचा वरचा) असे वेगळे स्वर धरायचे तर प्रत्येक स्वराची तालीम निराळी घ्यावी लागते. सुरुवातीचा सूर पेटीवर एकदाच दाबून द्यायचा आणि भाता बंद करायचा. दोन कडव्यांतच सूर उतरू लागतो, शेवटी पुन्हा पट्टी दाबली की फरक उघडा पडतो. उतरतो तो बहुधा लांब धरलेल्या सुरांवर, श्वास संपत आल्यावर. म्हणून श्वास आळीपाळीने घेण्याची सवय आधी लावावी लागते.

सगळीकडे पंचांगही एक नाही. अमरावती धर्मप्रांत (स्थापना १९५५) लॅटिन विधीचा, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचा आहे. चंद्रपूर, गडचिरोलीकडचा चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार विधीचा, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडील कॅथलिक परंपरेचा. तिथे नाताळाआधीच्या चार रविवारांना मंगलवार्तेचा काळ म्हणतात, डिसेंबरच्या आरंभापासून पंचवीस दिवसांचा उपवास धरण्याची प्रथा आहे, आणि ही सात प्रतिगीते मूळची त्या उपासनेतली नाहीत.